फरक चांगला

कोपरदुखीच्या पेशंटला इंजेक्शन देणं हे माझ्या रोजच्या कामातलं मला सगळ्यात आवडणारं काम होतं. ताप आपल्या मुदतीने उतरतो, साखर आणि रक्तदाब आयुष्यभर पुरतात, त्यात डॉक्टरच्या हाताला लगेच यश दिसत नाही. कोपराचं तसं नव्हतं. कोपराच्या बाहेरच्या अंगाला हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्या किंचित पुढे अंगठ्याने दाबायचं. पेशंटने ‘आई गं’ म्हणत हात मागे ओढला की जागा सापडली. स्टेरॉइड आणि भुलीचं औषध एकाच सिरिंजमध्ये भरायचं, सुई आत न्यायची, थोडी मागे घेऊन पुन्हा वळवायची आणि औषध पसरवत जायचं. भुलीच्या औषधामुळे टेबलावरून उतरायच्या आतच दुखणं निम्म्यावर यायचं. आठवड्याभराने तोच माणूस हसत येऊन मूठ आवळून दाखवायचा. मी केस पेपरवर लिहायचो, ‘फरक चांगला’.

हे दोन शब्द मी फार विश्वासाने लिहीत आलो. त्या विश्वासाबद्दलच मला बोलायचं आहे, कारण तो खोट्यावर उभा नव्हता. फरक खरोखर पडत होता. मी डोळ्यांनी जे पाहत होतो ते खरं होतं, आणि तरी मी चुकत होतो. ही गोष्ट पचायला मला वेळ लागला.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. हाडांचा डॉक्टर नाही. इंटर्नशिपमध्ये एका सीनियरने हे इंजेक्शन शिकवलं, हात बसला, आणि हळूहळू आसपासच्या गावांत नाव झालं. ‘त्यांची सुई लागू पडते’ असं लोक एकमेकांना सांगायचे. आमच्याकडे कोपर धरून येणाऱ्याने रॅकेट कधी हातात घेतलेली नसते. ऑक्टोबर छाटणी उरकली की द्राक्षबागेतले मजूर येतात, दिवस दिवस कात्री चालवलेले. हाताने धारा काढणारे येतात, थापी चालवणारे गवंडी, रंधा मारणारे सुतार, स्क्रू पिळणारे वायरमन येतात. वय बहुधा पस्तीस ते पंचावन्नच्या मधलं. तरी ‘टेनिस एल्बो’ हे नाव सगळ्यांना माहीत असतं, ते सचिनमुळे. २००४ साली त्याचं कोपर दुखावलं, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेतल्या पहिल्या दोन कसोट्या हुकल्या, २००५ च्या मे महिन्यात लंडनला शस्त्रक्रिया झाली. ‘सचिनला झालं होतं तेच ना?’ असं विचारणारे पेशंट मला अजूनही भेटतात.

दुखणं कोपरात असलं तरी भानगड मनगटाची असते. मनगट मागे उचलणारे स्नायू एका चिवट कंडरेने त्या उंचवट्याला बांधलेले असतात. आपण मूठ आवळतो तेव्हा बोटं मनगटाला पुढे ओढू पाहतात, आणि ते सरळ राहावं म्हणून हे मागचे स्नायू ताण धरतात. म्हणून कात्री, थापी, चरवी, धुण्याचा पिळा, काहीही घट्ट धरलं की कळ कोपरात उठते. आतल्या अंगाला अशीच दुसरी कंडरा असते. ती दुखली तर त्याला गोल्फर्स एल्बो म्हणतात आणि तिचा इलाजही जवळपास याच वाटेने जातो. एवढं मला शिकवलेलं होतं. मी त्या ज्ञानाचा उपयोग फक्त सुई कुठे टोचायची हे ठरवण्यापुरता केला.

माझ्या मनात आणखी दोन गोष्टी पक्क्या होत्या. त्या मी कुणाला बोलून दाखवल्या नसत्या, पण माझ्या वागण्यात त्या होत्या.

एक, बायकांची कोपरदुखी. पुरुष आला की मी विचारायचो, काम काय करता? बाई आली की मी हा प्रश्न विचारत नसे. घरकाम म्हणजे अंगाला भार पडेल असं काम, हे माझ्या डोक्यात कुठे बसतच नव्हतं. माझी आई पहाटे भाकरी थापायची, विहिरीचं पाणी शेंदायची, नऊवारी लुगडी पिळायची, हे लहानपणी रोज पाहूनसुद्धा. चाळिशीच्या बाईचं कोपर दुखतंय म्हणजे रक्त कमी असेल, पाळी जायचं वय असेल, घरात काही कुरबूर असेल, अशा वाटेने माझा विचार जायचा. सुई मात्र तीच द्यायचो.

दुसरी गोष्ट व्यायामाची. फिजिओथेरपी ही मला उपचार वाटतच नसे. ज्याला देण्यासारखं आपल्याकडे काही उरलेलं नाही त्याला पाठवायची ती जागा, असं मी समजत होतो. शिवाय जे दुखतंय ते वापरू नये, ही माझी ठाम समजूत होती. मी लोकांना सांगायचो, पंधरा दिवस हात हलवू नका. ज्याच्या घरी चार जनावरं आहेत त्याला मी हे सांगायचो, आणि तो मान डोलवून घरी जाऊन धार काढायला बसायचा.

एका मे महिन्यात एक बाई नातवाला घेऊन आल्या. पोराला ताप होता. मी त्यांना ओळखत होतो, काही वर्षांपूर्वी माझ्याकडे कोपरासाठी येऊन गेल्या होत्या. त्यांनी मनगटापर्यंत लांब बाह्यांचं झंपर घातलं होतं. सोलापूरकडचा मे म्हणजे पंखासुद्धा गरम वारा फेकतो, आणि आमच्याकडच्या त्या वयाच्या बायका असलं झंपर घालत नाहीत. मला ते दिसलं, पण मी पोराच्या छातीला स्टेथोस्कोप लावत होतो. पोर चुळबुळ करू लागलं, त्याला आवरायला त्यांनी हात पुढे केला आणि बाही कोपराच्या वर सरकली.

उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगाला एक पांढरा डाग होता, दहाच्या नाण्याएवढा. तिथली कातडी पातळ होऊन आत बसली होती आणि तिच्यातून एक निळी शीर दिसत होती. डागातून दंडाकडे एक फिकट रेघ निघालेली होती. त्यांनी झटकन बाही खाली ओढली.

‘‘कोड न्हाई हो डाक्टर ते,’’ मी काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या. ‘‘चुलीची झळ बसली असंल. पर लोकास्नी काय सांगायचं? धाकटीचं जमवायचं चाललंय, म्हनून झाकून ठिवते.’’

मी एका नजरेत ओळखलं होतं. स्टेरॉइड कातडीच्या फार जवळ पडलं, किंवा त्याच जागी पुन्हा पुन्हा पडलं, तर तिथला रंग जातो आणि खालची चरबी विरते. हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात मी ते पहिल्यांदा पाहत होतो, आणि जागा तीच होती जिथे माझा अंगठा दाबून सुई गेली होती.

त्या पुढे म्हणाल्या, ‘‘तुमच्या सुईनं तवा लई बरं वाटलं हुतं बघा. नंतर पुन्हा धरलं, पर ते कामाचं हाय.’’

मी गप्प बसलो. पोराच्या वजनाप्रमाणे पॅरासिटामॉलचा डोस काढला, पुन्हा एकदा काढला, कागदावर लिहिला. त्या गेल्या. बाहेर गर्दी नव्हती, बोलायला वेळ होता. आपल्यामुळे हे झालं हे गावात पसरेल, एवढ्या एका भीतीने माझं तोंड बंद राहिलं. आपली मुलगी उजवायची म्हणून उन्हाळ्यात दंडापासून मनगटापर्यंत कापड गुंडाळून फिरणाऱ्या बाईपुढे मला माझं नाव जपावंसं वाटलं. आजवरच्या प्रॅक्टिसमध्ये मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या शांत पाच मिनिटांची.

त्या संध्याकाळी दवाखाना बंद केल्यावर मी कंपाउंडरला थांबवून माळ्यावरचे गठ्ठे खाली काढायला लावले. आमच्याकडे जुने केस पेपर वर्षावार सुतळीने बांधून ठेवलेले असतात. त्यांचे पेपर सापडले. ‘उजवं कोपर, बाहेरची बाजू, दीड महिना. इंजेक्शन दिलं.’ पुढच्या आठवड्याची तारीख, ‘फरक चांगला’. काही महिन्यांनी, ‘पुन्हा दुखतं. इंजेक्शन.’ मग, ‘फरक चांगला’. मग पुन्हा तेच. आणि त्यापुढे काहीच नाही. वरच्या कोपऱ्यात व्यवसायाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात ‘गृहिणी’. त्या लग्नकार्यांच्या आणि हॉटेलांच्या ऑर्डरीवर कडक भाकरी करून देतात, हे अर्ध्या गावाला माहीत आहे.

मी इतर कोपरांचे पेपर काढत गेलो. पुष्कळांवर तोच क्रम होता. वेगवेगळ्या नोंदी वेगवेगळ्या वर्षांच्या गठ्ठ्यांत पडलेल्या, म्हणून त्या मी कधी सलग वाचलेल्याच नव्हत्या. प्रत्येक वेळी माझ्यासमोर एकच भेट असायची आणि त्या भेटीत माणूस बरा झालेला असायचा. काही पेपरांवर एकच इंजेक्शन होतं आणि मग कोरं. ते लोक कायमचे बरे झाले, की दुसऱ्या डॉक्टरकडे गेले, की दुखणं अंगावर काढत बसले, हे कागद सांगत नव्हता. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की ते बरे झाले. न आलेल्या माणसाला मी माझ्या यशात मोजत होतो.

पुढच्या काही रात्री मी वाचत बसलो. जे सापडलं ते गुप्त नव्हतं. २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास आला होता. टेनिस एल्बोच्या १८५ रुग्णांचे तीन गट केले होते. एकाला स्टेरॉइडचं इंजेक्शन, दुसऱ्याला फिजिओथेरपी, तिसऱ्याला फक्त समजावून सांगून वाट पाहायला लावलेली. सहा आठवड्यांनी इंजेक्शनच्या गटातले ९२ टक्के लोक बरे होते, फिजिओथेरपीचे ४७ आणि वाट पाहणारे ३२. हे वाचून मला क्षणभर हायसं वाटलं, माझा अनुभव हाच होता. मग मी खालची ओळ वाचली. बावन्न आठवड्यांनी इंजेक्शनचे ६९ टक्के, फिजिओथेरपीचे ९१, आणि ज्यांना काहीच केलं नव्हतं त्यांच्यातले ८३.

त्या ८३ पाशी मी फार वेळ थांबलो होतो. ज्यांना कुणी हातही लावला नाही ते लोक वर्षाच्या शेवटी माझ्या पेशंटांपेक्षा पुढे होते. माझ्या दवाखान्यात जे घडत होतं ते सगळं सहा आठवड्यांच्या आकड्यात होतं. बावन्नाव्या आठवड्यात माझे पेशंट कुठे असतात, हा प्रश्नच मी कधी विचारला नव्हता.

२०१३ साली ब्रिस्बेनच्या संशोधकांनी १६५ रुग्णांवर आणखी कसून तपासणी केली. काहींना स्टेरॉइड दिलं, काहींना नुसतं मिठाचं पाणी, आणि कुणाला काय दिलं ते रुग्णांना कळू दिलं नाही. वर्षभरात स्टेरॉइडवाल्यांपैकी ५४ टक्क्यांचं दुखणं उलटलं, पाणीवाल्यांपैकी १२ टक्क्यांचं. म्हणजे सिरिंजमध्ये स्टेरॉइडच्या जागी मी सलाइन भरलं असतं तर वर्षाच्या हिशेबात माझ्या पेशंटांचं जास्त भलं झालं असतं.

असं का होतं, त्याचाही अंदाज वैद्यकाला फार आधीपासून आहे. अमेरिकेतल्या नर्शल यांनी १९७९ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या कंडरेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा तिथे सुजेच्या पेशी जवळपास नव्हत्याच. कंडरेचे तंतू जुन्या सुंभासारखे विस्कटलेले आणि त्यांच्यात नव्या बारीक रक्तवाहिन्या शिरलेल्या, असं ते चित्र होतं. स्टेरॉइड हे सुजेवरचं औषध. ते वेदना दाबतं, पण विस्कटलेला तंतू त्याने सरळ होत नाही, उलट कंडरा कमजोर व्हायचा धोका असतो. आणि वेदना थांबली की माणूस दुसऱ्याच दिवशी त्या कमजोर कंडरेवर पूर्ण भार टाकतो. माझ्या पेशंटांच्या हसण्याचं एक कारण हेही होतं, ते लगेच कामाला लागू शकत होते. मधुमेही माणसाची साखर त्या सुईने काही दिवस चढते, तेही मी प्रत्येकाला सांगत होतो असं छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही.

मी त्या मावशींच्या घरी गेलो. दवाखान्यात बोलावून सांगणं सोपं होतं, टेबलाच्या पलीकडे मी डॉक्टर असतो. त्या काठवटीपुढे बसलेल्या होत्या. मी सरळ सांगितलं, हा डाग चुलीचा नाही, माझ्या इंजेक्शनचा आहे, आणि त्या दिवशी तुम्ही आलात तेव्हाच मला कळलं होतं. त्यांनी पीठ मळायचं थांबवलं. थोड्या वेळाने विचारलं, ‘‘जाईल का?’’ मी म्हटलं, रंग बहुतेकांचा सावकाश परत येतो, महिने लागतात, कधी वर्ष लागतं. खड्डा थोडा राहील. त्या म्हणाल्या, ‘‘मग हे पाव्हण्यांपुढं सांगशीला का?’’

मी याची अपेक्षा केली नव्हती. त्या रागावतील किंवा ‘जाऊ द्या’ म्हणतील, या दोन्हींची मनात तयारी करून गेलो होतो. त्यांना माझी माफी नको होती, साक्ष हवी होती. मी लेटरहेडवर लिहून दिलं की हा डाग कोडाचा नसून मी दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा परिणाम आहे, खाली सही, शिक्का. लिहिताना हात जड झाला होता. कोड असतं तरी मुलीच्या लग्नात त्याचा काय संबंध, ते संसर्गाने पसरत नाही, हे मी तिथेच सगळ्यांना सांगितलं. पण त्या घरात माझ्या सांगण्यापेक्षा त्या कागदाची गरज मोठी होती, आणि तो मी दिला.

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांचं काम पाहिलं. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात तळहाताच्या टाचेने रगडून मळायचं, थापायचं, हातावर घेऊन तव्यात टाकायचं. यात भार होताच, पण माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. पाण्याचा भरलेला तांब्या त्या दर खेपेला वरून, काठाला पाच बोटांनी धरून उचलत होत्या. तळवा खाली, कोपर सरळ, मनगट मागे. टेनिस एल्बोचं निदान करताना डॉक्टर ज्या हालचालीने मुद्दाम दुखवून बघतो, तीच ही हालचाल. उपडी करून ठेवलेली काठवटही त्या तशीच, तळवा खाली ठेवून ओढायच्या. मी म्हटलं, मावशी, तांब्याला खालून हात घाला, तळवा वर. त्यांनी करून पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं. कळ आली नव्हती.

व्यायाम काय द्यायचा ते मला येत नव्हतं. सोलापूरला एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीकडे जाऊन मी ते शिकलो. हात टेबलावर ठेवायचा, तळवा खाली, मनगट कडेच्या बाहेर. मुठीत अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. दुसऱ्या हाताने आधार देऊन मनगट वर आणायचं आणि मग आधार सोडून दुखऱ्या हाताने एकट्याने ते सावकाश खाली सोडायचं. सुरुवातीला हालचालही सोसत नसेल तर नुसतं मनगट उचलून अर्धा-पाऊण मिनिट स्थिर धरायचं. पुढे अर्ध्या लिटरची बाटली एक लिटरची होते. ओल्या टॉवेलचा पिळाही चालतो. हे करताना थोडं दुखलं तर चालतं, असं ती म्हणाली तेव्हा मी तिच्याशी वाद घातला. दुखत्या जागेवर मुद्दाम भार टाकायचा? ती शांतपणे म्हणाली, ‘‘सर, भार काढून घेतला तर कंडरा आणखी कमजोर होते. भार किती, एवढंच आपण ठरवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं नसलं म्हणजे बरोबर चाललंय.’’ माझ्या मुलीच्या वयाची ती मुलगी. हे वाक्य मी आता रोज वापरतो.

मावशींना तीन-साडेतीन महिने लागले. कोपराखाली दोन बोटांवर बांधायचा पट्टा, कामाच्या वेळेपुरता. फार ठणकलं तर वरून लावायचं वेदनाशामक जेल. मळायचं काम काही दिवस सुनेने उचललं. मधेच एका लग्नाच्या ऑर्डरीनंतर दुखणं उसळलं तेव्हा त्यांनी ‘सुईच द्या’ म्हणून हट्ट धरला, आणि माझाही हात एकदा ड्रॉवरकडे गेला. हे दुखणं सरळ रेषेत उतरत नाही. आता थंडीत कधी ठणकतं, पण त्या भाकरी करतात.

सुई बाजूला ठेवल्यावर मला एक वेगळीच गोष्ट समजली. पूर्वी कोपर दुखतं म्हटलं की माझा अंगठा थेट त्या उंचवट्यावर जायचा, आणि जोराने दाबलं तर कुणालाही तिथे थोडं दुखतंच. आता तपासायला सवड मिळाली. एका शिंप्याच्या कोपरावर दाबून काहीच होत नव्हतं, पण मान मागे करून वळवली की कळ खांद्यावरून कोपरापर्यंत उतरायची. ते दुखणं मानेतल्या नसेचं. एका कारकुनाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत होतं. कोपर आपटलं की जिथून झिणझिण्या येतात ती नस आतल्या हाडामागून जाते आणि हात दुमडून झोपलं, तासन्‌तास फोन कानाला लावला की ताणली जाते. त्याला मी रात्री कोपराभोवती टॉवेल गुंडाळायला सांगितला, हात सरळ राहावा म्हणून. अशा माणसाचा अंगठा आणि तर्जनी यांच्यातला मांसल भाग बसू लागला तर मात्र सर्जनकडे लवकर पाठवावं लागतं. कोपराच्या टोकावर पाण्याच्या पिशवीसारखी सूज टेबलावर रेलून बसण्याने येते, कधी युरिक ॲसिडने येते. ती लाल, गरम झाली आणि ताप आला तर आत पू असतो, तिथे स्टेरॉइड घातक. दोन्ही कोपरं सकाळी आखडत असतील तर आमवाताची तपासणी, महिनोन्‌महिने हळूहळू सुजणाऱ्या एका कोपरात क्षयाचा विचार. चालताना डाव्या हातात कळ येऊन घाम फुटत असेल तर कोपर सोडून आधी ईसीजी. दोन वर्षांचं मूल हाताला धरून उचलल्यावर हात लटकवून रडतं, त्याच्या हाडाभोवतालचा पट्टा सरकलेला असतो आणि हाताच्या एका वळवण्याने तो जागेवर बसतो. यातल्या मानेच्या आणि नसेच्या काही लोकांना मी पूर्वी कोपरात सुई दिलेली असणार. ते परत आले नाहीत, आणि मी त्यांनाही बरे झालेल्यांत धरलं होतं.

आमच्या भागातल्या हाडवैद्यांवर मी वर्षानुवर्षं टीका करत आलो. पडल्यावर सुजलेल्या कोपराला जोरात मालिश केली तर स्नायूत हाड धरतं आणि कोपर कायमचं आखडतं. अशी मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांच्या आईबापांना कडक शब्दांत सुनावलं आहे. ते सुनावणं आजही मला बरोबर वाटतं. पण तो माणूस मालिश का करतो? समोरचा ‘काहीतरी करा’ म्हणतो म्हणून, आणि आपल्या हाताला गुण आहे अशी त्याची स्वतःची खात्री असते म्हणून. माझी कारणं हीच होती. माझ्याकडे फक्त डिग्री होती आणि वाचायची सोय होती, त्यामुळे माझी जबाबदारी त्याच्यापेक्षा मोठी होती.

मग नवीन काही आहे का, असं लोक विचारतात. स्वतःच्याच रक्तातला घटक काढून कोपरात टोचायचा, तो पीआरपीचा प्रकार शहरांत बराच महाग मिळतो. २०२१ साली कॉक्रेन संस्थेने त्यावरचे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा दुखण्यात आणि कामात लक्षात येईल असा फायदा बहुधा नाही, असंच दिसलं. शस्त्रक्रिया लागते ती फार थोड्यांना, वर्षभर सगळं करून थकल्यावर. तिच्याबाबतीतही ऑस्ट्रेलियात एका छोट्या अभ्यासात काहींची कंडरा कापली आणि काहींची नुसती कातडी उघडून शिवली, आणि पुढे दोघांत फरक आढळला नाही. मी पेशंटला हे सगळं सांगतो. पूर्वी पाच मिनिटांत मोकळा होणारा माणूस आता वीस मिनिटं बसतो आणि हातात बाटली घेऊन घरी जातो. काही जण पुन्हा येत नाहीत. गावात दुसरीकडे सुई मिळते.

गेल्या ऑक्टोबरमध्ये छाटणीच्या टोळीतला एक गडी आला. चाळिशीचा, उजवं कोपर, अगदी पुस्तकातल्यासारखं. उचल घेतलेली होती, बागा ठरलेल्या होत्या, टोळीतून बाहेर पडला तर घेतलेले पैसे अंगावर. मी त्याला सहा आठवड्यांचा आकडा सांगितला, वर्षाचा सांगितला, डागाचं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘वर्साचं मला नका सांगू डाक्टर. मला एवढी छाटणी काढून द्या.’’ मी त्याला काय उत्तर देणार होतो? त्याला बाटलीचा व्यायाम शिकवला, पट्टा दिला, कात्रीला धार लावून घे आणि दर झाडाला हात बदल म्हणालो. आणि इंजेक्शन दिलं, खोल, एकदाच. बरोबर केलं का ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याच्या केस पेपरवर मी त्याचा मोबाइल नंबर आणि येत्या ऑक्टोबरची तारीख लिहून ठेवली आहे. तो आला नाही तर मी फोन करणार आहे.